घटस्फोटानंतर नागरिकत्वाचा अर्ज कधी करता येतो: मराठी माहितीपुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

पुस्तिकेचा आवाका ठरवण्यासाठी आज न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आम्ही तिघे बसलो: मी, इमिग्रेशनची प्रकरणे हाताळणाऱ्या वकीलबाई आणि पानांची मांडणी करणारा एक मित्र. अमेरिकेत ग्रीन कार्डावर राहणाऱ्या आणि घटस्फोट झालेल्या मराठी माणसाला नागरिकत्वाचा अर्ज केव्हा करता येतो, एवढाच विषय घ्यायचा आणि सोळा पानांच्या पुढे जायचे नाही, असे ठरले. गेल्या दोन वर्षांत मला फोनवर आलेल्या प्रश्नांची वही मी सोबत नेली होती. त्यातला निम्म्याहून अधिक वेळा आलेला प्रश्न शब्दांच्या थोड्याफार फरकाने एकच होता: "घटस्फोट झाल्यावर किती वर्षे थांबावे लागते?"

वकीलबाईंचे म्हणणे असे की या प्रश्नातच घोटाळा आहे. घटस्फोटाच्या तारखेपासून काहीच मोजायचे नसते. मोजणी सुरू होते ती कायमस्वरूपी रहिवासी झाल्याच्या तारखेपासून, म्हणजे कार्डाच्या दर्शनी बाजूला 'रेसिडेंट सिन्स' या शब्दांपुढे छापलेल्या तारखेपासून. घटस्फोटामुळे बदलते ते इतकेच, की जोडीदार अमेरिकन नागरिक असल्यामुळे मिळणारी तीन वर्षांची वाट बंद होऊन सर्वसाधारण पाच वर्षांची वाट उरते. ज्यांची वाट मुळातच पाच वर्षांची होती, त्यांचे काहीही बदलत नाही. पहिल्या पानावर हेच घ्यायचे, हे लगेच मान्य झाले.

७ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

पाच वर्षांच्या नियमाचे पान लिहिले. इमिग्रेशन कायद्याच्या कलम ३१६ प्रमाणे अर्जदाराचे वय किमान १८ असावे, कार्ड मिळाल्यापासून पाच वर्षे त्याचे वास्तव्य अमेरिकेत अखंड असावे, त्या पाच वर्षांपैकी निम्मे दिवस, म्हणजे किमान ९१३ दिवस, तो प्रत्यक्ष देशात असावा, आणि ज्या राज्यातून अर्ज करायचा तिथे किमान तीन महिने राहिलेला असावा. घटस्फोटानंतर न्यू जर्सी सोडून टेक्ससला भावाकडे राहायला जाणाऱ्यांना या शेवटच्या अटीची आठवण करून द्यावी लागते, म्हणून ती ठळक अक्षरांत घेतली. इंग्रजीची आणि नागरिकशास्त्राची परीक्षा, तसेच सद्वर्तनाची अट अर्थातच आहे. पाच वर्षे पूर्ण होण्याआधी ९० दिवसांपासून अर्ज पाठवता येतो.

आपल्या लोकांपैकी पुष्कळ बायकांचे ग्रीन कार्ड नवऱ्याच्या नोकरीच्या अर्जातून, त्याची पत्नी म्हणून आलेले असते: आधी एच-४ व्हिसा (नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराचा), मग भारतीयांसाठीची ती कधी न हलणारी रांग, आणि अखेर एकदाचे कार्ड. "कार्ड नवऱ्यामुळे मिळाले, मग घटस्फोट झाला की ते परत घेतात का?" ही भीती वहीत नऊ वेळा नोंदलेली आहे. उत्तर 'नाही' असे आहे. कार्ड हातात येण्यापूर्वी घटस्फोट झाला असता तर नवऱ्याच्या अर्जावरचा तिचा आधार गेला असता. कार्ड मिळाल्यानंतर मात्र ती स्वतंत्रपणे कायमस्वरूपी रहिवासी असते आणि पाच वर्षे भरली की अर्ज करू शकते. माझा स्वतःचा अर्ज याच वाटेने झाला, त्यामुळे या पानावर मला कोणाला काही विचारावे लागले नाही.

११ ऑक्टोबर २०२५, शनिवार

तीन वर्षांच्या नियमावर सगळा दिवस गेला. कलम ३१९ प्रमाणे, जोडीदार अमेरिकन नागरिक असेल तर कार्डाची तीन वर्षे पुरतात, आणि प्रत्यक्ष हजेरीचे दिवस ५४८ लागतात. मात्र त्या तीनही वर्षांत जोडीदार नागरिक असला पाहिजे आणि दोघे 'मॅरिटल युनियन'मध्ये राहत असले पाहिजेत.

या दोन शब्दांना मराठी काय द्यायचे यावर बराच खल झाला. 'वैवाहिक संबंध' म्हटले की वाचणारा भलताच अर्थ घेतो; 'वैवाहिक ऐक्य' कोणी कधी बोलत नाही; आणि 'लग्न टिकून असणे' अपुरे पडते, कारण लग्न कागदावर टिकूनही माणसे वेगवेगळ्या घरांत राहतात. नियमावली तर म्हणते की अर्जदार जोडीदाराबरोबर प्रत्यक्ष राहत असला पाहिजे. शेवटी वकीलबाईच म्हणाल्या, "अहो, आपल्याकडे नांदवण्याचा दावा करतात ना? मग 'एकत्र नांदणे' लिहा." तो शब्द चपखल बसला. नांदणे म्हटले की लग्नही आले, एक घरही आले आणि संसार चालू असणेही आले. फक्त आपल्याकडे नांदायला बाईच जाते, म्हणून 'दोघे एकत्र नांदत असणे' असे पूर्ण लिहायचे ठरवले.

एक बारकावा लक्षात ठेवायचा आहे. एकत्र नांदण्याची तीन वर्षे कायद्याच्या मजकुरात अर्जाच्या दिवसापर्यंत मोजली आहेत, तर नियमावलीत मुलाखतीच्या दिवसापर्यंत. वकीलबाईंचा सल्ला असा की पुस्तिकेने या वादात शिरू नये, कडक बाजू धरून लिहावे. शिवाय ९० दिवस आधी अर्ज करण्याची सवलत वास्तव्याच्या कालावधीपुरतीच आहे. नांदण्याची तीन वर्षे अर्जाच्या दिवशी पुरी भरलेलीच असावी लागतात.

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

अर्ज केला, मुलाखत झाली, आणि शपथविधीच्या आधी घटस्फोटाचा निकाल लागला तर काय? तीन वर्षांच्या नियमावर केलेल्या अर्जासाठी लग्न शपथेच्या क्षणापर्यंत कायम असावे लागते. घटस्फोटाने किंवा जोडीदाराच्या मृत्यूने ते त्याआधी संपले, तर त्या नियमाखालची पात्रता जाते, आणि नंतर दुसऱ्या नागरिकाशी लग्न केले तरी ती परत येत नाही. नव्या जोडीदाराबरोबर नांदण्याची तीन वर्षे पहिल्यापासून मोजावी लागतात. बहुतेकांची तोवर पाच वर्षे भरून जातात.

शपथविधीचे जे बोलावणे येते, एन-४४५ नावाचे, त्यावर एक छोटी प्रश्नावली असते आणि ती त्याच दिवशी भरून अधिकाऱ्याच्या हातात द्यायची असते. मुलाखतीनंतर आपण लग्न केले आहे का, विभक्त झाला आहात का, घटस्फोट झाला आहे का, असे त्यात विचारलेले असते. माणूस नवे कपडे घालून, मुलांना घेऊन रांगेत उभा असतो आणि पेन हातात घेतल्यावर त्याला कळते की हा प्रश्न आपल्यासाठीच आहे. त्या प्रश्नाचा मराठी अनुवाद पुस्तिकेत चौकटीत घेतला आहे. तिथे खोटे लिहून मिळवलेले नागरिकत्व पुढे रद्द होऊ शकते, हे वाक्य सौम्य न करता तसेच ठेवले.

२० ऑक्टोबर २०२५, सोमवार

नरकचतुर्दशी. पहाटेचे अभ्यंगस्नान उरकून पाच नंबरचे पान दुरुस्त केले, कारण आजपासून दाखल होणाऱ्या अर्जांना नागरिकशास्त्राची नवी परीक्षा लागू झाली आहे: १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. कालपर्यंत दाखल झालेल्यांना १०० पैकी १० आणि त्यांतले ६ बरोबर, हा जुनाच हिशेब आहे. घटस्फोटाशी याचा संबंध नाही, त्यामुळे चार ओळींतच आवरले.

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

दोन वर्षांच्या सशर्त कार्डाचे पान आज पुरे झाले. १९८६ च्या कायद्याने आलेली ही पद्धत अशी: लग्नाच्या आधारावर कार्ड मिळते त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर कार्डही दोनच वर्षांचे मिळते, आणि त्याची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अर्ज करून अट काढून घ्यायची असते. मधल्या काळात घटस्फोट झाला तर सही करायला दुसरा माणूस उरत नाही. अशा वेळी संयुक्त अर्जाची अट माफ करण्याची विनंती एकट्याने करता येते, त्यासाठी ९० दिवसांच्या खिडकीची वाट पाहावी लागत नाही. मात्र घटस्फोटाचा अंतिम निकाल आणि लग्न खरेपणाने, संसार करण्यासाठी केले होते याचे पुरावे द्यावे लागतात.

वाचणाऱ्याच्या दोन शंका इथे दूर व्हायला हव्यात. सशर्त कार्डाची दोन वर्षे पाच वर्षांत धरली जातात. मोजणी नव्या दहा वर्षांच्या कार्डापासून सुरू होत नाही. आणि आय-७५१ प्रलंबित असताना पाच वर्षे भरली तर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, पण आय-७५१ चा निर्णय झाल्याशिवाय नागरिकत्व मंजूर होत नाही. लग्न वर्षभरातच मोडलेले असेल तर मुलाखतीत अधिकारी पहिल्या लग्नाकडे पुन्हा वळतो, कारण कार्ड मुळात कायदेशीर रीतीने मिळाले होते का, हे तपासण्याचा त्याला अधिकार आहे. म्हणून लग्नाचे फोटो, एकत्र भाडेकरार, संयुक्त खात्याचे उतारे घटस्फोटानंतर रागाच्या भरात टाकून देऊ नयेत. हे वाक्य माझे आहे, वकीलबाईंनी ते फक्त होकार देऊन पुढे सरकवले.

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आजची नोंद मोठी होणार. मसुदा वाचायला दिलेल्यांपैकी एका ताईंचा फोन आला. पुस्तिकेतल्या तक्त्यावरून त्यांनी स्वतःची तारीख काढली होती: कार्ड ९ जून २०२१ चे, पाच वर्षे ९ जून २०२६ ला, त्याआधी ९० दिवस म्हणजे ११ मार्च २०२६. गणित अचूक होते. सहज म्हणून मी कार्डाचा फोटो पाठवायला सांगितला. क्रमांक झाकून त्यांनी पाठवला. कार्डावर ०९/०६/२१ असे होते.

अमेरिकन पद्धतीत आधी महिना लिहितात. ती तारीख ६ सप्टेंबर २०२१ ची होती. म्हणजे पाच वर्षे ६ सप्टेंबर २०२६ ला पुरी होतात आणि अर्ज ८ जून २०२६ पासून करता येतो. ११ मार्चला अर्ज पाठवला असता तर तो वेळेआधी केलेला म्हणून फुकट गेला असता. बारा वर्षे या देशात राहिलेल्या बाईची ही चूक आहे, आणि ती का होते हेही मला समजते: आपले डोळे शाळेपासून दिवस आधी वाचायला शिकलेले असतात. तक्त्याच्या वरच आता लिहिले आहे की दिवस बाराच्या आतला असेल तर तारीख दोनदा वाचा, आणि उदाहरणादाखल हीच तारीख, ताईंच्या परवानगीने, घेतली आहे.

त्याच फोनवर दुसरी गोष्ट निघाली. घटस्फोटाचा दावा पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात असल्याने त्या एकदा सलग सात महिने भारतात राहिल्या होत्या. एकाच प्रवासात सहा महिन्यांहून अधिक पण वर्षाच्या आत बाहेर राहिले, तर अखंड वास्तव्य तुटले असे गृहीत धरतात. ते खोडून काढता येते, पण भार अर्जदारावर असतो: इथली नोकरी चालू होती, घर इथेच होते, जवळचे कुटुंब इथे होते, तिकडे नोकरी धरली नाही. वर्ष किंवा अधिक काळ बाहेर राहिले, तर सहसा परतल्यापासून चार वर्षे आणि एक दिवस थांबावे लागते. इथे घटस्फोटाचा खरा फटका बसतो, कारण भाडेकरार नवऱ्याच्या नावाचा, विजेचे बिल नवऱ्याच्या नावाचे, गाडीचा विमाही त्याच्याच नावाचा. ताईंच्या नावावर होते ते मुलीच्या शाळेचे कागद, त्यांच्या स्वतःच्या पगाराच्या पावत्या आणि प्राप्तिकराचे उतारे, जे कर खात्याकडून मागवता येतात. ही यादी पुस्तिकेत घेतली. दिवसांची मोजणी करताना निघण्याचा आणि परतण्याचा असे दोन्ही दिवस अमेरिकेत धरले जातात, हेही तिथेच टाकले.

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

पैशाचे पान बदलावे लागले. एन-४०० चे, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जाचे, शुल्क १ एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन अर्जाला ७१० डॉलर आणि कागदी अर्जाला ७६० डॉलर आहे. उत्पन्न कमी असेल तर ३८० डॉलर एवढेच सवलतीचे शुल्क किंवा पूर्ण माफी मागता येते. घटस्फोटानंतर घरातले उत्पन्न एकदम निम्म्यावर येते, त्यामुळे सवलतीचा परिच्छेद तळटीपेतून वर आणला. कागदी अर्जासोबत चेक किंवा मनी ऑर्डर जोडण्याची सोय मात्र २८ ऑक्टोबरपासून बंद झाली आहे. आता क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने किंवा बँक खात्यातून थेट पैसे द्यायचे. आमच्या मसुद्यात 'चेक जोडावा' असे होते. छापून झाले नव्हते म्हणून निभावले.

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

छळाच्या प्रकरणांचे पान कुठे ठेवायचे, यावर मतभेद झाले. मांडणी करणाऱ्या मित्राला ते शेवटी हवे होते, 'अपवाद' या मथळ्याखाली. वकीलबाई अडून बसल्या की ते दुसऱ्या पानावर हवे, कारण जिला त्याची गरज आहे ती पुस्तिका चोरून वाचते आणि शेवटपर्यंत पोचेलच असे नाही. त्यांचे म्हणणे मान्य झाले.

नियम असा आहे: अमेरिकन नागरिक असलेल्या जोडीदाराने मारहाण किंवा अतोनात छळ केला आणि त्या आधारावरच कार्ड मिळाले असेल, तर घटस्फोट झाल्यानंतरही तीन वर्षांच्या नियमाने अर्ज करता येतो, आणि एकत्र नांदण्याची अट लागत नाही. सशर्त कार्डावरची अट छळाच्या कारणाने काढून घेतलेल्यांनाही ही सवलत मिळते. छळ म्हणजे केवळ मारहाण नव्हे, हे वेगळ्या वाक्यात लिहिले. छळ करणारा जोडीदार नागरिक नसून ग्रीन कार्डधारक असेल, तर मात्र पाच वर्षेच.

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

सद्वर्तनाच्या पानावर एक महत्त्वाची भर. लोक सद्वर्तन म्हणजे पोलीस केस नसणे असे धरून चालतात. घटस्फोटितांच्या बाबतीत मात्र नियमावलीत दोन गोष्टी थेट लिहिलेल्या आहेत: आपल्यावर अवलंबून असलेल्यांचा खर्च जाणूनबुजून न देणे, आणि दुसऱ्याचा किंवा स्वतःचा संसार मोडेल असे विवाहबाह्य संबंध ठेवणे. एन-४०० मध्ये मुलांचा खर्च किंवा पोटगी थकवली आहे का, हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारलेला आहे. म्हणून पोटगी देणाऱ्याने भरल्याच्या पावत्या मुलाखतीला न्याव्यात. "मी तिला रोखीने देतो" म्हणणाऱ्यांसाठी पावती हा शब्द अधोरेखित केला आहे.

वकीलबाईंनी आणखी एक सापळा दाखवला. न्यू जर्सीत सलग १८ महिने वेगवेगळ्या घरांत राहिल्याच्या कारणावरून घटस्फोट मागता येतो, आणि त्या दाव्यात वेगळे झाल्याची तारीख लिहावी लागते. ती तारीख कोर्टाच्या कागदावर कायमची राहते. एखाद्याने त्याच काळात 'आम्ही एकत्र राहतो' असे लिहून तीन वर्षांच्या नियमाने अर्ज केलेला असेल, तर दोन सरकारी कागद एकमेकांविरुद्ध उभे राहतात. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात त्या वर्षी स्वतःला विवाहित म्हटले की एकटे, हेही अधिकारी जुळवून पाहतो. पाच वर्षांच्या नियमाने अर्ज करणाऱ्याला वेगळे राहण्याच्या तारखेची ही धास्ती नसते, आणि म्हणूनच मोडकळीला आलेल्या लग्नावर तीन वर्षांचा अर्ज रेटण्यापेक्षा दोन वर्षे थांबणे मला शहाणपणाचे वाटते. पुस्तिकेत मात्र मत न देता नियम तेवढे दिले.

२२ नोव्हेंबर २०२५, शनिवार

भारतात झालेल्या घटस्फोटाचे कागद. पुण्याचा एक हुकूमनामा नमुन्यासाठी मिळाला, नावे झाकून. तो मराठीत होता. मुलाखतीला प्रमाणित नक्कल आणि तिचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद लागतो, आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात व अनुवाद अचूक आहे, असे अनुवादकाने सहीनिशी लिहून द्यावे लागते. सारांश चालत नाही. शिक्क्यावरची अक्षरेसुद्धा अनुवादित करायची. गावाकडच्या फारकतीचा स्टँप पेपर घेऊन आलेले एक काकाही वहीत नोंदलेले आहेत. ज्या ठिकाणी घटस्फोट झाला तिथल्या कायद्याने तो वैध असावा लागतो, तेव्हा नुसत्या स्टँप पेपरवर विसंबून अर्ज भरण्याआधी वकिलाला विचारावे, एवढेच लिहिले.

मग नावाचा प्रश्न. आपल्या बायकांच्या पासपोर्टावर मधले नाव नवऱ्याचे असते. घटस्फोट होऊन चार वर्षे झाली तरी विमानतळावर कोणीतरी ते नाव मोठ्याने पुकारते, ही तक्रार वहीत तीनदा आहे. एन-४०० मध्येच नाव बदलण्याची विनंती करता येते, पण ती न्यायालयाने घेतलेल्या शपथविधीतच मंजूर होते आणि नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर नवे नाव येते. पुढे भारतीय पासपोर्ट परत करताना आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारे) काढताना दोन नावांचा दुवा दाखवावा लागतो, म्हणून नाव बदलल्याच्या न्यायालयीन आदेशाची प्रत जपावी. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने पासपोर्ट परत करणे टळत नाही.

६ डिसेंबर २०२५, शनिवार

अंतिम मसुदा वकीलबाईंनी तपासून दिला. त्यांनी दोन ठिकाणी भर घातली. पहिली: नवऱ्याने किंवा बायकोने प्रायोजक म्हणून भरलेले आय-८६४ हे हमीपत्र घटस्फोटाने संपत नाही; ते संपण्याच्या मार्गांपैकी एक म्हणजे कार्डधारकाने नागरिक होणे. त्यामुळे आधीच्या जोडीदारालाही या अर्जात रस असू शकतो. दुसरी: ही पुस्तिका म्हणजे कायदेशीर सल्ला नव्हे, आणि अमेरिकेतला नोटरी हा वकील नसतो.

पाने सोळाची अठरा झाली. ताईंच्या तारखेची चौकट तिसऱ्या पानावर आली आहे. त्यांनी ती पाहून कळवले की घरातल्या कॅलेंडरवर ११ मार्चला काढलेले लाल वर्तुळ खोडून त्यांनी ८ जूनवर नवे काढले आहे, आणि त्याखाली महिना अक्षरांत लिहिला आहे. तीच सूचना तक्त्यात घेतली: सर्व रकान्यांत महिना अक्षरांतच लिहावा. मंगळवारी प्रत छपाईला जाईल.